पोक्त वयाचा विद्यार्थी आणि सरकारी अर्थसाहाय्य

विद्या ही लहानपणींच संपादन करावयाची वस्तु असून, एकदां संसाराचें जूं मानेवर पडलें म्हणजे पाटी-पुस्तकाशीं असलेला संबंध सुटला, असें मानण्याची पद्धति बहुतेक देशांत आहे. तरीहि पोटासाठीं अर्ध्यावर सोडलेलें शिक्षण चाळिशींत पुन्हां हातीं घ्यावें, अशी इच्छा पुष्कळांच्या मनांत जागी असते. तिला पहिली अडचण येते ती पैशाची. आणि दुसरी, त्याहूनहि बिकट, ती भिडेची. ‘या वयांत सरकार आपणांस कशाला पैसे देईल ?’ असें म्हणून मनुष्य अर्जच करीत नाहीं, आणि मिळण्यासारखी मदत हातची जाते. ती जाऊं नये म्हणून काय करावें लागतें, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्थेवरून चांगलें समजतें. त्या देशांत मराठी कुटुंबांची वस्तीहि आतां बरीच असल्यामुळें हा विषय महाराष्ट्रास अगदींच परका नाहीं.

मोठ्या माणसाच्या शिक्षणाचा भार सरकारनें उचलावा, ही कल्पना त्या देशांत महायुद्धामुळें बळावली. २२ जून १९४४ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं परत येणाऱ्या सैनिकांसाठीं केलेल्या कायद्यावर सही केली. १९५६ पर्यंत सुमारें ७८ लाख माजी सैनिकांनीं शिक्षणासाठीं किंवा धंद्याच्या तयारीसाठीं त्याचा लाभ घेतला. पैकीं सुमारें २२ लाख कॉलेजांत गेले. बायकामुलें असलेला पुरुष अठरा वर्षांच्या पोराशेजारीं बाकावर बसून चांगला शिकूं शकतो, हें तेव्हां सर्वांच्या प्रत्ययास आलें. पुढें ८ नोव्हेंबर १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. त्यासाठीं ते टेक्ससमधील सॅन मार्कोस येथें, ज्या कॉलेजांत स्वतः शिकले होते तेथें, मुद्दाम गेले. १९७२ मध्यें गरजू विद्यार्थ्यांकरितां एक मूलभूत अनुदान सुरू झालें. १९८० पासून तें रोड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नांवानें ‘पेल ग्रँट’ म्हणून ओळखलें जातें.

या साहाय्याचे मुख्य प्रकार तीन. पहिलें अनुदान; तें परत करावें लागत नाहीं. दुसरें कर्ज; तें सव्याज फेडावें लागतें. तिसरा प्रकार म्हणजे कॉलेजमार्फत मिळणारें वेतनी काम. पेल अनुदानाची कमाल रक्कम २०२५-२६ या शैक्षणिक वर्षीं ७,३९५ डॉलर होती. आसपासच्या रहिवाशांसाठीं असलेल्या सार्वजनिक ‘कम्युनिटी कॉलेजा’ची वार्षिक फी २०२४-२५ मध्यें सरासरीनें सुमारें ४,००० डॉलर होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या रकमेचें मोल कळतें. फी वळती करून उरलेली रक्कम पुस्तकें, प्रवास व घरखर्च यांसाठीं विद्यार्थ्याच्या हातीं येते. हें अनुदान साधारणतः ज्याला अद्याप पदवी मिळालेली नाहीं त्यासच, आणि सबंध आयुष्यांत पूर्ण वेळाच्या बारा सत्रांपुरतें मिळतें. नोकरी संभाळून एकदोनच विषय घेणाऱ्यासहि तें त्या प्रमाणांत मिळूं शकतें. कर्जासाठीं मात्र निदान अर्धा वेळ तरी शिकावें लागतें. २०२५ च्या कायद्यानें ८ ते १५ आठवड्यांच्या कांहीं धंदेशिक्षणासहि १ जुलै २०२६ पासून हें अनुदान लागू करण्याची तरतूद केली आहे. यांपैकीं कशालाहि वयाची वरची मर्यादा नाहीं.

या तिन्ही प्रकारांचें दार एकच, तें म्हणजे ‘फॅफ्सा’ या नांवाचा अर्ज. तो इंटरनेटवर भरतां येतो व त्यास एक पैहि पडत नाहीं; तो भरून देण्याबद्दल कोणी पैसे मागूं लागला तर तेथून दूर व्हावें हें बरें. पुढील शैक्षणिक वर्षाचा अर्ज १ ऑक्टोबरपर्यंत खुला करावा असा कायदा आहे, आणि तो देण्याची सरकारी मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस ३० जूनला संपते. परंतु या लांबच्या तारखेवर विसंबूं नये. निरनिराळ्या राज्यांच्या आणि कॉलेजांच्या मुदती पुष्कळ आधीं संपतात, आणि कांहींचा निधि आधीं येणाऱ्यांतच संपून जातो. अर्जदारानें प्रथम स्वतःचें खातें उघडावें, आणि प्राप्तिकर खात्याकडील आपली माहिती थेट मागवून घेण्यास संमति द्यावी. ही संमति न दिल्यास सरकारी साहाय्य मुळींच मिळत नाहीं. विवाहित जोडप्यानें कराचें विवरण एकत्र दिलेलें नसेल तर जोडीदाराचीहि संमति व सही लागते. हायस्कूलची परीक्षा राहून गेली असल्यास तिच्या तोडीची परीक्षा आधीं उत्तीर्ण व्हावें, हा सरळ मार्ग.

वयानें मोठें असण्याचा फायदा येथेंच दिसून येतो. एकोणीस वर्षांच्या अविवाहित मुलाच्या अर्जांत आईबापांचें उत्पन्न धरलें जातें. परंतु ज्याला शैक्षणिक वर्षाच्या मधल्या १ जानेवारीपूर्वीं चोवीस वर्षें पुरीं होतात, जो विवाहित आहे, ज्याच्यावर मुलांच्या पोषणाचा भार आहे, किंवा जो सैन्यांतून निवृत्त झाला आहे, त्याला कायदा ‘स्वतंत्र’ विद्यार्थी समजतो. त्याचें व त्याच्या जोडीदाराचेंच उत्पन्न पाहिलें जातें. राहतें घर व निवृत्तिनिधींत सांठविलेली पुंजी मालमत्तेच्या हिशेबांत धरली जात नाहीं. ‘माझें घर आहे, म्हणजे मला कांहीं मिळणार नाहीं,’ असें समजून पुष्कळ लोक मागें राहतात. तो समज निराधार आहे.

या व्यवस्थेंत पोक्त माणसास घातक अशी एक गोष्ट आहे. अर्जांत उत्पन्न पाहिलें जातें तें चालू सालचें नव्हे, तर दोन वर्षांपूर्वींचें. २०२६-२७ च्या अर्जांत २०२४ सालचें उत्पन्न येतें. समजा, दोन मुलांच्या एका बेचाळीस वर्षांच्या आईची कारखान्यांतील नोकरी सुटली, आणि तिनें परिचारिकेचा अभ्यासक्रम घेण्याचें ठरविलें. कागदावर ती अजून चांगली मिळवती आहे. प्रत्यक्षांत घरीं चूल पेटण्याची पंचाईत. विधवा, घटस्फोटित, दुखण्यानें खंगलेला मनुष्य, या सर्वांची हीच गत. वीस वर्षांच्या मुलापेक्षां मोठ्या माणसाच्या आयुष्यांत असे उलथेपालथ करणारे प्रसंग अधिक येतात, आणि यंत्राला ते दिसत नाहींत.

कायद्यानें यावर उपाय ठेवला आहे. प्रत्येक कॉलेजांतील अर्थसाहाय्य-कचेरीच्या अधिकाऱ्यास एकेका विद्यार्थ्याची विशेष परिस्थिति पाहून आंकडे बदलण्याचा अधिकार आहे. यासाठीं अर्ज आहे तसा खरा भरून द्यावा, आणि मग त्या कचेरीकडे स्वतंत्र पत्र लिहावें. पत्रांत रडगाणें नको. काय घडलें, कोणत्या तारखेस घडलें, पूर्वीं मिळकत किती होती व आज किती आहे, एवढें सांगावें. सोबत नोकरी सुटल्याचें पत्र, बेकारीभत्त्याचा दाखला, मृत्यूचा अथवा घटस्फोटाचा कागद, दवाखान्याचीं बिलें, जें असेल तें जोडावें. त्या अधिकाऱ्याचा निर्णय अखेरचा असतो. शिक्षणखात्याकडे त्यावर अपील चालत नाहीं. म्हणून पहिलेंच पत्र व्यवस्थित असणें अगत्याचें. ही फेरतपासणी आपण होऊन सहसा कोणी करीत नाहीं. ती मागावी लागते.

मराठी अर्जदारानें आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, हें साहाय्य मुख्यतः तेथील नागरिकांस आणि ग्रीन कार्डधारक कायम रहिवाशांस आहे. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी-व्हिसावर राहणाऱ्यांस नाहीं. दुसरी गोष्ट पदवीची. लग्न होऊन परदेशीं गेलेली, येथील बी. ए. अथवा बी. कॉम. झालेली स्त्री ग्रीन कार्ड मिळाल्यावर तेथें नवा अभ्यासक्रम घेऊं म्हणते, तेव्हां तिची परदेशी पदवीहि सर्वसाधारणपणें पदवीच धरली जाते, आणि नेहमींच्या पेल अनुदानास ती मुकते. कर्जाचा मार्ग तिला मोकळा असतो. आपली पदवी अमेरिकन पदवीच्या तोडीची नाहीं असें लेखी प्रमाण तिनें सादर केलें, तर त्याचा विचार करण्याची मुभा कॉलेजला आहे. पण पदवी लपवून अर्ज करणें हा गुन्हा होय. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीबद्दल २०,००० डॉलरपर्यंत दंड, कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

कर्जाविषयीं सावधपणा हवा. स्वतंत्र विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीं ९,५०० डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळूं शकतें. पैकीं शिक्षण चालूं असतां ज्याचें व्याज सरकार भरतें असें फार तर ३,५००. पदवीपर्यंतची एकूण मर्यादा ५७,५०० डॉलर आहे. मिळतें तेवढें सारें घ्यावेंच असें नाहीं. बावीस वर्षांच्या पदवीधरापुढें फेडीसाठीं चाळीस वर्षांची मिळकत असते. पन्नाशीच्या माणसापुढें दहापंधराच. पूर्वीं केव्हां तरी घेतलेलें सरकारी कर्ज थकून बुडीत खातीं गेलें असेल, तर नवें साहाय्य अडतें; तेव्हां आधीं हप्ते ठरवून तें मार्गीं लावावें. शिवाय एकदां साहाय्य मंजूर झालें म्हणजे निश्चिंत बसतां येत नाहीं. अभ्यासांत समाधानकारक प्रगति राखावी लागते, आणि अर्ज दरवर्षीं नव्यानें करावा लागतो.

हें सर्व पाहिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. उतरत्या वयाला तो कायदा हंसत नाहीं. पण तो कोणाच्या घरीं चालत येऊन विचारपूसहि करीत नाहीं. अर्ज नाकारला गेला तर गेलें तें एका संध्याकाळचें श्रम. अर्ज केलाच नाहीं तर जातें तें राहून गेलेलें शिक्षण, आणि तें पुरें करण्यासाठीं उरलेलीं थोडीं वर्षें. ज्याला पुन्हां शिकावयाचें आहे, त्यानें भीड सोडून पहिला कागद पुढें ओढावा आणि खरें तें लिहावयास आरंभ करावा.