खाडीत रोपे लावण्याआधी भरतीचे पाणी पाहा

बुद्ध पौर्णिमा झाली की पनवेल परिसरातल्या विहारांत वृक्षारोपणाचे बेत सुरू होतात. अलीकडे खाडीकाठच्या कांदळवनाचीही मागणी येते. भावना चांगलीच आहे. संयुक्त निकायातल्या वनरोप सुत्तात वन लावणाऱ्याचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे. पण रोपच मेले तर?

तिवर, चिप्पी, कांदळ ही झाडे खाडीत वाटेल तिथे जगत नाहीत. भरतीचे पाणी यावे लागते आणि ओहोटीला परत जावे लागते. पाणी साचून राहिले की तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे बुडतात आणि झाड गुदमरते. पाणी आलेच नाही तर जमीन सुकते, क्षार वाढतात. म्हणून ‘रोपे किती?’ याआधी ‘इथले कांदळवन गेले कशाने?’ हे विचारावे लागते. भराव, रस्ता, तुंबलेली मोरी, बंद पडलेली उघाडी, कारण बहुधा यांतच सापडते. ती वाट मोकळी केली आणि जवळ जुनी झाडे असली, तर त्यांच्या बिया भरतीबरोबर येऊन आपोआप रुजतात. (यात फोटो काढण्याजोगे फारसे काही नसते, हीच खरी अडचण.)

उघडा चिखल आपल्याला ओसाड वाटतो. फिलिपाइन्समध्ये अशाच चिखलात मोठ्या प्रमाणावर रोपे लावली गेली आणि त्यातली बहुतेक मेली. आपल्याकडे त्या चिखलात निवट्या, खेकडे, शिंपल्या असतात, पक्षी चरतात, आणि कोळी-आगरी बायका तिथेच वेचून घर चालवतात. त्यांना न विचारता केलेली लावणी म्हणजे त्यांच्या ताटात हात घालणे.

काही गोष्टी परत येणारही नाहीत. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, टेकडी कापली; बदली लावणीने तो भूभाग पूर्वीसारखा होणार नाही. हे मान्य केले म्हणजे गप्प बसायचे, असे मात्र मला वाटत नाही. कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या कलम 21 चा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले आहे. भराव दिसला की तक्रार करण्यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

तेव्हा विहार समित्यांना एक सुचवते. पहिले वर्ष फक्त पाहण्यात घालवा. पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. त्या दिवसांत जुन्या कोळ्यांना सोबत घेऊन काठावर जा, पाणी कुठवर चढते तिथे खुंट्या ठोका, ओहोटीला किती वेळात उतरते ते वहीत लिहा. मग ती वही घेऊन वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे जाऊ.