घडीव चाकाचा नवा रंग

मोटारीच्या ज्या चाकाला सर्रास ‘अलॉय व्हील’ म्हटले जाते, ते अॅल्युमिनियममध्ये थोडे सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिसळून केलेल्या मिश्रधातूचे असते. ते दोन रीतींनी घडते: वितळलेला रस साच्यात ओतला की ओतीव चाक तयार होते, आणि तापवलेल्या घन गोळ्याला प्रचंड दाबाखाली आकार दिला की घडीव चाक. बुगाटीच्या ‘टाइप 35’ने 1924 साली ओतीव अॅल्युमिनियमची चाके शर्यतीच्या मैदानात आणली, तर घडीव चाकाला रस्त्यावर प्रतिष्ठा मिळाली ती 1966 मध्ये पोर्शेच्या ‘911 एस’बरोबर आलेल्या, जर्मनीतील ओटो फुक्स कंपनीने घडवलेल्या पाच पाकळ्यांच्या चाकामुळे. या चाकाच्या पाकळ्यांवर अॅनोडायझिंग, म्हणजे आम्लाच्या द्रावणात वीज सोडून धातूवरच वाढवलेला ऑक्साइडचा कठीण थर होता, आणि पाकळ्यांमधल्या खोलगट भागात काळा रंग होता.

असे चाक वेगळ्या रंगात रंगवणे हा मूळ वस्तूचा अपमान आहे, असे मानणारा एक वर्ग आहे. परंतु इतिहास त्याच्या बाजूने नाही. 1972 च्या पॅरिस प्रदर्शनात सादर झालेल्या पोर्शेच्याच ‘कॅरेरा आरएस 2.7’च्या पांढऱ्या गाड्यांवर बाजूची अक्षरे लाल, निळी किंवा हिरवी असत, आणि त्याच रंगाने चाकांचा मधला भाग भरलेला असे. रंगाची निवड मालकाने खुशाल स्वतःच्या आवडीने करावी. कारागिराचे कसब पणाला लागते ते रंगाच्या आधी आणि रंगाच्या खाली.

टायर, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगची वजने उतरवल्यावर चाकाला चिकटलेली ब्रेकची लोहयुक्त धूळ धुतली जाते, चाक फिरवून त्याचा बाक पाहिला जातो आणि तडे शोधले जातात. डोळ्यांना न दिसणारी चीर सापडावी म्हणून पृष्ठभागावर भेदक रंगद्रव लावून पुसतात आणि वर पांढरा विकासक फवारतात. चिरेत शिरलेला द्रव त्या पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. पाकळीच्या मुळाशी अशी रेघ दिसली तर काम तिथेच थांबवणे हाच योग्य निर्णय होय, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतालच्या धातूचे बळ जाते आणि वरून चढवलेला सुंदर रंग तो दुबळेपणा फक्त झाकतो.

जुना रंग काढण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकासाठी काही किंमत मोजावी लागते. डायक्लोरोमिथेनयुक्त द्रावणे झपाट्याने काम करतात, पण त्यांची वाफ बंद खोलीत जीवघेणी ठरू शकते; कॉस्टिक सोडा अॅनोडायझिंगचा थर काढताना खालचे अॅल्युमिनियमही खातो; आणि जाड वाळूच्या माऱ्याने घडीव चाकाच्या धारदार कडा बोथट होतात, म्हणून काचेचे बारीक मणी कमी दाबाने मारणे श्रेयस्कर. जाळीदरवाजे किंवा हुक यांवरचा रंग सुमारे 400 अंश सेल्सियसच्या भट्टीत जाळून काढण्याची पद्धत मात्र चाकाच्या बाबतीत सर्वथा वर्ज्य मानली पाहिजे.

याचे कारण मिश्रधातूच्या घडणीतच आहे. ओतीव चाकांसाठी नेहमी वापरला जाणारा मिश्रधातू सुमारे 540 अंशांवर तापवून पाण्यात एकदम थंड करतात आणि मग 150 ते 170 अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. या दुसऱ्या टप्प्यात मॅग्नेशियम व सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि चाकाला ताकद देतात. घडीव चाकाचे बळही अशाच उष्णोपचारातून येते. नंतर त्याहून अधिक उष्णता दीर्घकाळ मिळाली तर हे कण वाढून विरळ होतात आणि धातू मऊ पडतो. पावडर कोटिंगची भट्टी साधारण 180 ते 200 अंशांवर चालते, म्हणजे चाक ज्या तापमानाला पक्व झाले त्याच्याही वर. दहा-वीस मिनिटांच्या एका फेरीने होणारा परिणाम बहुधा सोसण्याजोगा असतो, परंतु दरवर्षी रंग बदलण्याची हौस धोकादायक आहे, आणि ‘जरा जास्त भाजून घेऊ’ ही वृत्ती तर अक्षम्यच. चाकाच्या निर्मात्याने घालून दिलेली तापमानाची मर्यादा इथे शेवटचा शब्द मानावी.

पावडर कोटिंगमध्ये विद्युत्भारित कोरडी भुकटी भूसंपर्कित चाकावर फवारली जाते आणि भट्टीत ती वितळून, आतल्या आत जुळून अखंड कवच बनते. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ही प्रक्रिया नित्याची आहे. पण ओतीव चाक आधी रिकामे तापवून त्याच्या छिद्रांतली हवा व तेल बाहेर काढले नाही, तर कवचावर फोड येतात, हे साध्या पत्र्यावर काम करणाऱ्याच्या ध्यानात येईलच असे नाही. फुक्सच्या चाकाची अडचण वेगळी आहे. त्यावरचे अॅनोडायझिंग राखायचे असेल तर भट्टी चालत नाही, कारण तापल्यावर अॅल्युमिनियम त्याच्या ऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते आणि वरचा थर बारीक तडकतो. म्हणून पाकळ्या झाकून केवळ खोलगट भागात प्रायमर, रंग आणि पारदर्शक लॅकर असे द्रवरूप थर देऊन ते कमी उष्णतेवर वाळवणे हाच तिथला सयुक्तिक मार्ग. प्रायमरपूर्वी झिरकोनियमयुक्त द्रावणाने धातूची रासायनिक तयारी करणे लाभदायक ठरते. ती नीट झाली नाही तर युरोपातील हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ किंवा कोकण किनाऱ्याची खारी दमट हवा एखाद्या ओरखड्यातून आत शिरते आणि लॅकरखाली धाग्यांसारखा पांढरट गंज पसरतो.

रंग कुठे लागू नये, हे जाणणेही तितकेच महत्त्वाचे आहे. चाक हबवर टेकते तो सपाट भाग आणि नट बसतात त्या खोबणी उष्णतारोधक पट्टीने व सिलिकॉनच्या बुचांनी झाकाव्या लागतात. तिथे जाड थर राहिला तर वापरात तो दबतो, नटांची ओढ कमी होते आणि चाक सैल पडू शकते. टायर चढवून बॅलन्सिंग केल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळानेच नट आवळावेत, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर गाडी थंड असताना टॉर्क पाना लावून ते पुन्हा तपासावेत.