सुट्टीतला एक आठवडा : दोराचा पीळ आणि करवंदांचा जॅम



उन्हाळी छंदवर्ग म्हटला की बहुतेक ठिकाणी रंगीत कागद, डिंक आणि शेवटच्या दिवशी फोटो. त्यात वाईट काही नाही. पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत याहून बरंच काही हाताशी असतं. अकोले तालुक्यात भंडारदरा, राजूर, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला करवंदांच्या जाळ्या पिकतात. मेंढपाळांच्या घरी दख्खनी मेंढीची कातरलेली लोकर असते. बांधावर केकताड, म्हणजे घायपात, उभं असतं. एवढ्यावर आठवडा सहज जातो. फक्त मुलांसमोर दोन प्रश्न ठेवा. वळलेला दोर आपोआप सुटत का नाही? आणि पातळ रस गार झाल्यावर घट्ट का होतो?

आधी दोर. केकताडाची पानं भिजवून, कुजवून, ठेचून वाख काढतात. त्याला बरेच दिवस लागतात, आठवड्यात ते बसत नाही. शिवाय पानाच्या रसाने अंगाला खाज सुटते. म्हणून मुलांच्या हातात तयार, धुतलेला वाखच द्यावा. नाही मिळाला तर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या चालतात.

एका मुलाने पट्टीचं एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक एकाच दिशेने पिळत जायचं. चांगला पीळ बसला की मधोमध दुमडून दोन्ही टोकं एकत्र आणायची. दोन्ही पदर स्वतःहून एकमेकांभोवती गुंडाळतात! मुलं तर ओरडतातच, मोठेही पुन्हा एकदा करून बघतात. कारण सोपं आहे. प्रत्येक पदर उलगडायला बघतो, पण पदर एकमेकांवर उलट दिशेने वळलेले असतात. एकाचं उलगडणं म्हणजे दुसऱ्याचं घट्ट होणं. दावं, कासरा, चऱ्हाट, सगळ्यांत हेच आहे. लोकरीचंही तसंच. आखूड तंतू नुसते ओढले तर सुटतात, पीळ दिला की एकमेकांना धरून राहतात. चाती फिरवून सूत निघतं ते याच्याच जोरावर.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दोर वळणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाचं काम समजलं गेलं. घोंगडीसाठी धनगर बायका सूत काततात, सणगर विणतात. नायलॉनचे दोर आले आणि वाखाच्या दोराचं गिऱ्हाईक गेलं. लोकरीला भाव नाही म्हणून ती पुष्कळदा टाकून दिली जाते. अशा घरातलं मूल वर्गात हे काम लपवतंसुद्धा. त्याला पुढे बोलावून "तुला येतं ना, दाखव" म्हणू नका. त्याच्या आजोबांना किंवा आजीला शिकवायला बोलवा, खुर्ची द्या, मानधन द्या, आणि सगळ्या मुलांनी, आपणही, त्यांच्याकडून शिकायचं. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविना दिवस सांगितलेत, त्यात स्थानिक कारागिरांकडून शिकणं अपेक्षित आहे. आपण प्राथमिकवाल्यांनी वाट कशाला बघायची? 1937 साली वर्ध्यात मांडलेल्या नई तालीममध्ये टकळीवरचं सूत हेच गणिताचं साधन होतं.

आता करवंदं. डोंगराकडच्या घरांत बायका-मुलं ती तोडून रस्त्याच्या कडेला विकतात, त्यावर चार पैसे मिळतात. तेव्हा तीस मुलांची फौज घेऊन त्यांच्या जाळ्या ओरबाडायच्या नाहीत. मूठभर स्वतः तोडावीत, काटा आणि चीक कळण्यापुरती. बाकीची त्यांच्याकडूनच विकत घ्यावीत. पाथर्डी-कर्जतकडच्या शाळांना कैरी आहेच.

सगळी काळीभोर करवंदं घेऊ नका. थोडी लालसर, अर्धकच्ची मिसळा. फळात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, तो अर्धकच्च्या फळात जास्त असतो. आंबटपणा आणि साखर यांच्या संगतीत पेक्टिनचं जाळं तयार होतं आणि त्यात रस अडकतो, म्हणून जॅम घट्ट होतो. करवंद मुळातच आंबट, लिंबाची गरज पडत नाही. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला ते मिळत नाही. "कमी साखरेत करू या" म्हणणाऱ्या पालकांची काळजी खरी आहे, पण तसा जॅम फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा लागतो.

करवंदं थोड्या पाण्यात शिजवून, कुस्करून, चाळणीतून गाळा. बिया वर राहतात. 1 किलो गराला 750 ग्रॅम साखर. भांडं स्टीलचं, जाड बुडाचं. लोखंडी किंवा कल्हई नसलेलं पितळी नको, आंबट आहे. ढवळायचं काम मोठ्यांचंच, उकळता जॅम अंगावर उडाला तर चिकटून भाजतो. गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली की झाला.

मुलांचं काम वजनकाट्यावर. आधी गर आणि साखर मिळून 1 किलो 750 ग्रॅम होतं, शिजल्यावर साधारण 1 किलो 350 ग्रॅम भरतं. मग 400 ग्रॅम गेले कुठे? उत्तर सांगू नका, पातेल्यावरच्या झाकणाकडे बघू द्या.

बरण्या उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरड्या करा. चिठ्ठीवर तारीख, वजन, आणि करवंदं कोणाकडून घेतली ते मुलांच्या अक्षरात. बरणीच्या गळ्याला बांधायला त्यांनीच वळलेली दोरी आहेच.