डोंगराआडच्या गाडीत उपग्रहाचा रेडिओ

पुणे-सातारा रस्त्यावरच्या नसरापूरहून एक वाट पश्चिमेला वळते. मार्गासनी, विंझर अशी गावे घेत ती तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला पोचते. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. या वाटेने जाणाऱ्या पिकअप गाडीत नेहमीचा एफ. एम. रेडिओ लावून पाहा. नसरापूरला स्वच्छ ऐकू येणारे पुण्याचे केंद्र पुढे खरखरू लागते, एखाद्या वळणावर गप्प होते आणि चढावर पुन्हा क्षणभर बोलू लागते. भोरहून वरंध घाटाकडे निघालात तरी अनुभव हाच.

आता एक प्रश्न. रेडिओचे केंद्र पुण्यात न ठेवता आकाशात, हजारो किलोमीटर उंचीवर टांगले तर? कोणी म्हणेल, जवळचेच केंद्र ऐकू येत नाही, मग इतक्या लांबचे कसे येणार? पण येते! कसे, ते समजण्यासाठी आपण अशी एक पिकअप गाडी घेऊ आणि तिच्यात उपग्रहाचा रेडिओ मनातल्या मनात बसवून पाहू.

डोंगर नेमका कोणाला अडवतो?

दरीतल्या गावाला सकाळचे ऊन उशिरा मिळते, हे तुम्ही पाहिलेच असेल. सूर्य क्षितिजाजवळ असताना लहानशी टेकडीही त्याला झाकते. तोच सूर्य दहा वाजता वर चढला की तीच टेकडी निरुपयोगी ठरते.

रेडिओच्या लहरींचेही असेच आहे. एफ. एम.च्या लहरी सुमारे 3 मीटर लांबीच्या असतात आणि बहुतांशी सरळ रेषेत जातात. पुण्याचे केंद्र जमिनीवर आहे, म्हणजे वेल्ह्यातून पाहिले तर ते क्षितिजालगतच. मध्ये सिंहगड-भुलेश्वरची डोंगररांग उभी. मग लहर पोचणार कशी? पुणे आकाशवाणीच्या 792 किलोहर्ट्झ मध्यमलहरींची लांबी मात्र सुमारे 379 मीटर. एवढ्या लांब लहरी डोंगराला थोड्याफार वळसा घालतात, म्हणून जुने लोक दरीतही मध्यमलहरींवर आकाशवाणी ऐकत.

उपग्रहाची गोष्ट दहा वाजताच्या सूर्यासारखी आहे. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीभोवती तेवढ्याच वेळात फिरतो, जेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा वाटतो. अशा उपग्रहांकडून दळणवळणाचे काम करून घेता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी 1945 साली एका लेखात मांडली होती.

असाच एक उपग्रह म्हणजे 'एशियास्टार'. वर्ल्डस्पेस या कंपनीसाठी तो 21 मार्च 2000 रोजी एरियान-5 अग्निबाणाने सोडण्यात आला आणि 105 अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यात आला. त्याचे काम एकच, थेट लहान रेडिओसंचांना कार्यक्रम पाठवायचे. भारतात तो अनेक घरांत ऐकला गेला. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची त्याची 'गंधर्व' वाहिनी कित्येकांच्या आवडीची होती.

थोडे गणित

भोरचा अक्षांश सुमारे 18.15 अंश उत्तर आणि रेखांश 73.85 अंश पूर्व. त्यावरून हिशेब केला, तर एशियास्टारची जागा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 117 अंशांवर, म्हणजे पूर्व आणि आग्नेय यांच्या साधारण मध्ये येते. त्याची क्षितिजापासूनची उंची येते जवळजवळ 49 अंश. भोरपासून त्याचे अंतर सुमारे 37,160 किलोमीटर, म्हणून त्याने सोडलेली लहर आपल्यापर्यंत यायला एक-अष्टमांश सेकंद लागतो.

आता वेल्ह्याहून राजगड पाहा. सरळ रेषेत अंतर सुमारे 7 किलोमीटर, आणि गड गावापेक्षा साधारण 700 मीटर उंच. 700 भागिले 7000, म्हणजे 0.1. ज्या कोनाचा स्पर्शक 0.1 तो कोन पाच-सहा अंशांचा. एवढा भारदस्त राजगड आकाशातले फक्त सहा अंश झाकतो! 49 अंशांवरचा उपग्रह अडवायला 700 मीटर उंचीचा डोंगर जेमतेम 600 मीटरवर उभा असावा लागेल.

पण वरंध घाटात रस्त्यालगत कातळाची भिंत असते. भिंत 10 मीटर उंच आणि गाडीपासून 3 मीटर दूर असेल, तर ती 73 अंशांपर्यंतचे आकाश झाकते. म्हणजे गंमत अशी की मोठा पण दूरचा डोंगर निरुपद्रवी, आणि जवळची लहान भिंत, वडाचे झाड किंवा पूल हाच खरा अडथळा.

आकाशक कोठे बसवायचा?

आता गाडीकडे वळू. पहिला प्रश्न आकाशकाचा, म्हणजे अँटेनाचा. वर्ल्डस्पेसचे कार्यक्रम 1467 ते 1492 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात येत. लहरीची लांबी सुमारे 20 सेंटिमीटर. लहर आखूड, म्हणून आकाशकही लहान. संचाबरोबर तळहाताएवढी चपटी पाटी मिळे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वी येथे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेल्या भूकेंद्राची तबकडी सुमारे 30 मीटर व्यासाची होती. 1975-76 सालच्या 'साइट' प्रयोगात खेड्यांतून बसवलेल्या जाळीच्या तबकड्या सुमारे 3 मीटरच्या होत्या. उपग्रह जसजसे जोरदार झाले, तसतशी जमिनीवरची तबकडी लहान होत गेली.

ही पाटी गाडीच्या केबिनमध्ये ठेवून चालणार नाही. केबिनचे छप्पर पोलादी पत्र्याचे असते आणि पत्रा रेडिओलहरी परत फेकतो. काचेतून लहर आत येते खरी, पण काच दर वळणावर वेगळ्या दिशेला तोंड करते. म्हणून पाटीची जागा टपावर, मागच्या हौद्यातल्या मालाच्या सावलीत येणार नाही अशी.

गाडी उभी असेल, तर पाटीचे तोंड 117 अंशांच्या दिशेला करून ती जमिनीशी 41 अंश कलती ठेवावी. 90 वजा 49 बरोबर 41, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. पण गाडी धावू लागली की कलती पाटी वळणावर भलतीकडेच पाहू लागते. मग ती सपाट, आकाशाकडे तोंड करून ठेवणे बरे. तिला मिळणारी ऊर्जा कमी होते, पण गाडी कोठेही वळली तरी ती सारखीच राहते.

पाटीची तार दाराच्या रबरी पट्टीखालून आत घ्यावी. आत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यायला मात्र विसरू नये. पावसाचे पाणी तारेवरून ओघळत येते आणि झोळाच्या तळाशी गळून पडते. झोळ नसेल तर तेच पाणी सरळ केबिनमध्ये उतरते. वेल्ह्याच्या पावसात ही साधी युक्ती संच वाचवते.

पावसाने लहर अडेल का? 20 सेंटिमीटरच्या लहरीपुढे पावसाचा थेंब नगण्य असतो. घरच्या दूरदर्शन तबकडीची लहर मात्र अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणून मुसळधार पावसात तिचे चित्र फुटते.

विजेची जोडणी

पिकअपची बॅटरी 12 व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना तारांत साधारण 14 व्होल्ट असतात. लहान संचाला याहून कमी दाब लागतो, म्हणून संचावर लिहिलेला आकडा पाहून योग्य परिवर्तक मध्ये घालावा लागतो. धन आणि ऋण टोके उलटी झाली तर संच जळू शकतो.

समजा, संच 6 वॅटचा आहे. 6 भागिले 12, म्हणजे अर्धा अँपिअर. अशा जोडणीला एक अँपिअरची वितळतार पुरते, आणि ती बॅटरीजवळच असली पाहिजे. तार कोठे घासली जाऊन गाडीच्या सांगाड्याला टेकली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून गाडीला आग लागू शकते. वितळतार आधी तुटते आणि अपघात टळतो. म्हणून हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. संच चालकाच्या नजरेआड येणार नाही आणि धक्क्याने उडणार नाही असा पक्का बसवावा.

गाडी धावताना काय होते?

उपग्रहाची प्रत्येक शलाका 16 हजार अंक प्रतिसेकंद या मापाचे 96 गट घेऊन येत असे. बोलण्याच्या कार्यक्रमाला थोडे गट पुरत, संगीताला अधिक लागत. आवाज असा अंकांच्या रूपात आल्याने खरखर मुळीच नसे. पण एक उणीवही होती. मध्यमलहरींचे केंद्र दुबळे झाले की आवाज हळूहळू विरतो. अंकांचा प्रवाह तुटला की आवाज एकदम बंद!

ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. सहा मीटर घेराचे झाड मागे पडायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात गाण्याचा एक तुकडा हरवतो. झाडामागून झाड आले की गाणे ऐकण्याजोगे राहत नाही. वर्ल्डस्पेसचा संच मुळात घरासाठी होता. म्हणून आपली पिकअप उभी असेल तोवर संच उत्तम वाजेल, घाटात धावताना मात्र अडखळेल.

अमेरिकेत 2001 साली सुरू झालेल्या 'एक्सएम' सेवेने यावर एक छान तोड काढली. तोच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून पाठवायचा, पण एकावरून सुमारे 4 सेकंद उशिरा. चार सेकंदांत आपली गाडी 44 मीटर पुढे गेलेली असते. पहिल्या वेळी झाडाआड हरवलेला तुकडा दुसऱ्या वेळी मोकळ्यावर मिळतो. वर्गात गुरुजी महत्त्वाचे वाक्य दोनदा सांगतात, तसेच हे. शिवाय शहरांतून जमिनीवर पूरक केंद्रेही उभारली गेली. भारतात धावत्या गाड्यांसाठी अशी सेवा उभी राहण्यापूर्वीच वर्ल्डस्पेस अडचणीत आली. ऑक्टोबर 2008 मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 रोजी भारतातली सेवा बंद झाली. कित्येक घरांत ते संच आज मुके पडून आहेत.

मग हे सारे कशासाठी शिकायचे?

30 जुलै 2014 रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे दीडशे माणसे गेली. गाव दिसत नाही, ही बातमी बाहेर पोचवली ती तेथे गेलेल्या एस. टी.च्या चालकाने. भोर आणि वेल्ह्याच्या दऱ्याही तशाच पावसाच्या आणि तशाच उताराच्या. वीज गेली, तार तुटली, मनोरा पडला की डोंगराआडचे गाव एकटे पडते. अशा वेळी ज्या केंद्राला डोंगर झाकू शकत नाही, त्याचे मोल कळते.

2004च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावरील खेड्यांत धोक्याचे इशारे पोचवण्यासाठी वर्ल्डस्पेसच्या संचांचा प्रयोग करण्यात आला होता. ठरावीक गावांचे संच केंद्रातून जागे करता येत. आपल्याकडे 2019 पासून खोल समुद्रातल्या मच्छीमारांना उपग्रहामार्फत हवामानाचे इशारे देणारी 'जेमिनी' उपकरणे आली. अर्थात असा संच फक्त ऐकतो, बोलत नाही. तो दरीतल्या गावाला सावध करू शकतो. गावाची हाक बाहेर न्यायला मात्र प्रक्षेपकच लागतो. ऐकण्याला उपग्रहाची शक्ती पुरते, बोलण्याला शक्ती आपण पुरवावी लागते. हा फरक नीट ध्यानात ठेवा.

तुम्ही करून पाहा

दूरदर्शनची विनामूल्य तबकडी सेवा 93.5 अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते आणि तिच्यावर आकाशवाणीच्या वाहिन्याही आहेत. भोरहून हा उपग्रह 131 अंशांच्या दिशेला, 59 अंश उंचीवर आहे.

कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून त्याला लहान दगड लटकवा. झाला तुमचा ओळंबा! कोनमापकाच्या सरळ कडेवरून समोरच्या डोंगराचा माथा पाहा. कड आडवी असताना दोरा 90वर असतो. आता तो 90पासून जितके अंश सरकला, तितकी डोंगराची उंची. मग होकायंत्राने 131 अंशांची दिशा शोधा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फार थोडा फरक आहे, तो सोडून दिला तरी चालेल. त्या दिशेला 59 अंशांच्या वर काही आडवे येते का? शाळेचे अंगण, देवळाचा चौक, एस. टी.चा थांबा, घाटातले वळण अशा जागा मोजा आणि गावाचा एक नकाशा तयार करा. संकटाच्या वेळी उपग्रहाचा संच कोठे ठेवावा, हे तो नकाशा सांगेल.

उत्तर बरोबर आले का, हे सूर्यच तुम्हाला सांगेल. दरवर्षी 12 मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराच्या आसपास आणि 1 ऑक्टोबरच्या सुमारास अकराला थोडी मिनिटे कमी असताना, भोर-वेल्ह्यातून पाहता सूर्य नेमका या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. सूर्याकडे मुळीच पाहू नका. फक्त त्या वेळी आपण उन्हात आहोत की सावलीत, एवढेच पाहा. अंगावर ऊन असेल, तर उपग्रहाची लहरही तुमच्यापर्यंत पोचते आहे.