एक वचन आणि एक आंबा

"तुला चिखलदऱ्याला नेईन," हे वचन मी सौभाग्यवतीला लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिले होते. पुढे अठरा वर्षे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आडवे आले. आता कन्या शिकायला परगावी जाणार. तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही, असे हिने बजावले आणि गेल्या नाताळच्या सुटीत आमची स्वारी भल्या पहाटे रामदासपेठेतून निघाली.

कोंढाळीला संत्री, परतवाड्याला चहा. तोवर सारे सपाट. मग घाट लागला, दरी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे येऊ लागली आणि शेजारी मारुतिस्तोत्र सुरू झाले.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंच. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून हा 'कीचकदरा', असे सांगतात. ही व्युत्पत्ती मी वर्गात मान्य करणार नाही. पण कड्यावरून खाली पाहिल्यावर वाद घालावासा वाटेना. जवळचा गाविलगड 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीने घेतला. 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. एवढे ऐकून कन्या म्हणाली, "बाबा, वाघ कधी?"

वाघासाठी दुसऱ्या दिवशी सेमाडोह गाठले. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. त्यातलेच गुगामल राष्ट्रीय उद्यान. आमची मोटार बाहेर ठेवून जिप्सीत बसलो. वाटाड्या कोरकू तरुण होता. आम्हांला नुसती पाने दिसत, तिथे त्याला सांबर दिसे. "सिपना नदी पाहिलीत ना? आमच्या बोलीत सिपना म्हणजे साग," तो म्हणाला. मराठीशी या बोलीचे नाते नाही. ती मुंडारी-संथाळीच्या कुळातली. मी हे सांगू लागताच हिने मला कोपराने ढोसले.

एका मोकळवनात त्याने गाडी थांबवायला सांगितली. "इथं आमचं गाव होतं."

घर एकही नव्हते. वाघासाठी रान मोकळे करताना 2001 च्या सुमारास कोहा, कुंड, बोरी ही गावे हलवली गेली. नंतर आणखी काही. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते, मान डोलावली होती आणि पान उलटले होते.

"नव्या जागी बरं आहे का रे?" हिने विचारले.

"शाळा जवळ आहे, ताई. दवाखाना आहे. लेकरांचं बरं झालं." मग उभे राहून त्याने पलीकडचा आंबा न्याहाळला. "हा आजीनं लावला. मोहर आला का, म्हणून दर वर्षी विचारते."

मोहर अजून नव्हता. खाली उतरायची परवानगी नव्हती. कन्येने गाडीतूनच झाडाचे छायाचित्र घेतले, एक नाही, चांगली सात-आठ. "दादा, तुमचा नंबर द्या."

वाघ काही दिसला नाही. परतवाड्याला फोनला रेंज येताच तिने आधी ती छायाचित्रे पाठवली. संत्र्यांची पिशवी चिखलदऱ्यालाच राहिल्याचे हिच्या नंतर लक्षात आले.