‘नॉट’नंतरचा ‘अँड’

‘अँड’ या शाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले नऊ न्यायमूर्ती १५ मार्च २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन असे विभागले गेले. ‘पल्सिफर विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या निकालाची बातमी आता जुनी झाली. पण जे कलम वाचताना इतक्या जाणत्या माणसांत फूट पडली, ते वाक्य आपण सगळ्यांनी एकदा नीट वाचायला हवे. कारण तसलीच वाक्ये आपण रोज इंग्रजीत लिहितो आणि न वाचता त्यांच्याखाली सहीही करतो.

अमेरिकेत अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांना किमान शिक्षा ठरलेली आहे. न्यायाधीशाची इच्छा असली तरी त्याखाली जाता येत नाही. त्यातून सुटण्याची एक वाट १९९४ पासून होती आणि २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप अ‍ॅक्ट’ने ती रुंद केली. आरोपीच्या जुन्या शिक्षांना तिथे पॉइंट मिळतात: तेरा महिन्यांहून मोठ्या कैदेला तीन, साठ दिवस किंवा त्याहून अधिक कैदेला दोन, बाकीच्यांना एक. नवे कलम थोडक्यात असे: आरोपीकडे (अ) चारपेक्षा जास्त पॉइंट, त्यात एक पॉइंटवाले गुन्हे धरायचे नाहीत, (ब) पूर्वीचा तीन पॉइंटचा गुन्हा, अँड (क) पूर्वीचा दोन पॉइंटचा हिंसक गुन्हा ‘नसावा’. ‘डझ नॉट हॅव’ हे शब्द सुरुवातीला एकदाच येतात आणि ‘अँड’ ‘ब’ आणि ‘क’ यांच्या मधे बसतो.

आता या यादीचे दोन अर्थ होतात. एक, तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच वाट बंद. दुसरा, तिन्हींपैकी एकही असेल तरी बंद. या खटल्यातल्या आरोपीकडे, पल्सिफरकडे, तीन पॉइंटचे दोन जुने गुन्हे होते, म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ होते, हिंसक ‘क’ नव्हता. पहिला अर्थ घेतला तर किमान पंधरा वर्षांच्या अटीतून सुटण्याची संधी होती. दुसरा घेतला तर दार लागलेच. देशातली अपील न्यायालये या एका शब्दावरून आधीच दुभंगली होती.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एलेना कागन यांनी लिहिला. व्याकरण दोन्ही बाजूंनी चालते, हे त्यांनी मान्य केले आणि मग हिशेब मांडला. ज्याच्याकडे ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही आहेत त्याचे तीन अधिक दोन असे पाच पॉइंट होतातच. मग तिन्ही एकत्र लागतात असे म्हटले, तर चारपेक्षा जास्त पॉइंटची ‘अ’ ही अट कशासाठी लिहिली? ती वाया जाते. म्हणून प्रत्येक अट स्वतंत्र. युक्तिवाद चोख आहे, हे मानायलाच हवे.

तरी मला न्यायमूर्ती नील गोर्सच यांचे भिन्न मत जास्त पटते. एरवी पुराणमतवादी गणले जाणारे गोर्सच इथे सोनिया सोटोमायोर आणि केतंजी ब्राउन जॅक्सन या उदारमतवादी न्यायमूर्तींसोबत उभे राहिले, यावरूनच कळते की हा राजकीय गटांचा नाही, भाषेचा प्रश्न होता. खूप जुन्या शिक्षांना पॉइंट धरले जात नाहीत, म्हणून ‘अ’ सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही, हे त्यांचे एक उत्तर. शिवाय शेजारची कलमे पाहा. हिंसेविषयीच्या कलमात मसुदाकारांनी ‘डिड नॉट’नंतर सरळ ‘ऑर’ वापरला आहे. त्यापुढच्या एका कलमात आरोपी टोळीचा संघटक, नेता, व्यवस्थापक ‘ऑर’ देखरेख करणारा नसावा असे लिहून, दुसरी अट सुरू करताना ‘अँड वॉज नॉट’ असा नकार पुन्हा लिहिला आहे. म्हणजे ‘यापैकी एकही नको’ हे इंग्रजीत कसे लिहायचे, ते कायद्याला ठाऊक होते. पुढे २०१८ साली नव्याने लिहिलेल्या कलमात ‘अँड’ आला असेल, तर ‘अँड’च म्हणायचा होता असे मानणे रास्त आहे. आणि शंका उरलीच, तर तिचा फायदा तुरुंगात जाणाऱ्याला मिळायला हवा. बहुमताने मात्र शंका उरलीच नाही असे ठरवले. गोर्सच यांच्या म्हणण्यानुसार यामुळे हजारो माणसे संधी गमावतील.

इथे सारा गोंधळ ‘अँड’मुळे होत नाही, त्याच्या आधी आलेल्या ‘नॉट’मुळे होतो. ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाचा जन्म १८०६ साली मदुराईत झाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम बारावीच्या गणितातही शिकवला जातो: ‘दोन्ही आहेत’ याचा नकार म्हणजे ‘निदान एक नाही’, ‘एक तरी आहे’ याचा नकार म्हणजे ‘दोन्ही नाहीत’. नकार कंसाच्या बाहेर आला की ‘आणि’चे ‘किंवा’ होते आणि ‘किंवा’चे ‘आणि’. इंग्रजीची प्रचलित रीत या नियमाच्या जवळ जाते, म्हणून ‘चहाही पीत नाही आणि कॉफीही नाही’ हे तिथे ‘आय डोन्ट ड्रिंक टी ऑर कॉफी’ असे होते. आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या तोंडी आणि कागदावर इथे ‘टी अँड कॉफी’ येते.

याला कारण आहे आणि ते अडाणीपणाचे नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मी मटण आणि मासे खात नाही’ म्हटले की ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. ताटात दोन्ही वाढायचे नाहीत. उलट ‘मटण किंवा मासे खात नाही’ हे कानाला अडखळते: नेमके कोणते खात नाही? आपल्याला फार ठासून सांगायचे असेल तर ‘ना मटण ना मासे’ म्हणतो. ही सवय इंग्रजीत नेली की ‘अँड’ आपोआप येतो. एकीकडे इंग्रजीतच ‘डोन्ट ड्रिंक अँड ड्राइव्ह’ ही पाटी पुणे-मुंबई रस्त्यावर उभी आहे, जिथे ‘अँड’चा अर्थ दोन्ही एकत्र करू नका असा आहे. दारू पिऊन गाडी चालवू नका. नुसती गाडी जरूर चालवा. कागन यांनीही याच वाक्याचा आधार घेत, संदर्भ अर्थ ठरवतो हे सांगितले. संदर्भ रस्त्यावर दिसतो, फॉर्मवर दिसत नाही.

आपल्या न्यायालयांनीही हे ओझे वाहिले आहे. १९५८ साली मुंबईच्या माझगाव डॉकच्या आयकर प्रकरणात, कंपनीने इंग्लिश जहाज कंपन्यांसाठी नफा न घेता दुरुस्ती केली होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नफ्याविषयीच्या कलमातला ‘ऑर’ ‘अँड’ म्हणून वाचला. १९६८ साली ईश्वरसिंग बिंद्रा प्रकरणात १९४० च्या औषध कायद्यातल्या व्याख्येतला ‘अँड’ ‘ऑर’ म्हणून वाचला. म्हणजे शब्द छापलेला एक, वाचलेला दुसरा. कधी गरज असेल, पण गरज पडावी अशी वाक्ये लिहिणाऱ्यांनी लिहू नयेत, एवढी अपेक्षा गैर नाही. ‘अँड/ऑर’ हा तिरकी रेघ मारून काढलेला मार्ग तर त्याहून वाईट. इंग्लंड-अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी १९३० आणि ४० च्या दशकातच त्याला झोडपले आहे, आणि मराठी जाहिरातींत आणि निविदांत ‘आणि/किंवा’ अजून सुखाने नांदतो.

उपाय साधा आहे. इंग्रजीत ‘यापैकी एकही नको’ असेल तर नकारानंतर ‘ऑर’ लिहा, किंवा ‘नीदर-नॉर’ वापरा. यादी लांब असेल तर वर स्वच्छ लिहा की ‘नन ऑफ द फॉलोइंग’. आणि तिन्ही एकत्र असतील तरच अडवायचे असेल, तर ‘ऑल ऑफ द फॉलोइंग’ लिहून मोकळे व्हा. ‘अँड’वर विसंबू नका. मसुदा लिहिणाऱ्याने वाक्य मोठ्याने वाचून दोन्ही अर्थ लावून पाहिले तर पाच मिनिटे जातात.

विमा, नोकरी, भाडेकरार यांच्या इंग्रजी घोषणापत्रात ‘नॉट’ असलेल्या यादीत ‘अँड’ दिसला की समोरच्याला विचारा: तिन्ही मिळून नकोत, की एकही नको? उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या आणि मगच सही करा.