गुडविलचे मागचे दार

अमेरिकेतल्या मराठी घरांत सामानाची आवराआवर निघाली, की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हे गुडविलला देऊन टाकू.’ मुलांना आखूड झालेले कोट, जास्तीचा डिनर सेट, कुणी भेट दिलेला आणि खोक्यातून कधी बाहेरच न आलेला टोस्टर, वाचून झालेली पुस्तके गाडीच्या डिकीत भरली जातात आणि दुकानाच्या मागच्या दाराशी उतरवली जातात. तिथला कर्मचारी आभार मानतो, पावती हवी का विचारतो आणि आपण मोकळे होतो. त्या दाराच्या आत मात्र सव्वाशे वर्षांच्या घरात आलेली एक संस्था काम करत असते. तिचे काम समजले, की काय द्यावे आणि काय देऊ नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

या कामाची सुरुवात 1902 साली बोस्टनच्या साउथ एंड भागात झाली. एडगर हेल्म्स हे तिथल्या मॉर्गन चॅपलचे मेथडिस्ट पाद्री. भोवतालच्या वस्तीत नुकतेच आलेले स्थलांतरित राहत होते. त्यांच्याकडे काम नव्हते आणि थंडीपुरते कपडेही नव्हते. हेल्म्स सधन वस्त्यांमध्ये फिरले आणि त्यांनी जुने कपडे, सामान गोळा केले. पुढे कॉफीची रिकामी पोती घरोघर देऊन ती भरलेली परत आणण्याची पद्धत पडली. नुसते वाटप करून हेल्म्स थांबले असते, तर त्यांचे नाव आज कुणाला आठवले नसते. त्यांनी वस्तीतल्याच बेकार स्त्री-पुरुषांना ते कपडे शिवायला, खुर्च्या सांधायला, बुटांना टाके घालायला बसवले. दुरुस्त झालेला माल स्वस्तात विकला आणि त्या पैशांतून मजुरी दिली. काम करणाऱ्याला हक्काचा पगार मिळाला आणि घेणाऱ्याला किंमत मोजून खरेदी केल्याचा मान मिळाला. ‘दान नव्हे, संधी’ हे हेल्म्स यांचे सूत्र होते. 1915 साली ब्रुकलिनमधल्या अशाच कार्यशाळेकडून ‘गुडविल’ हे नाव आले आणि ते सगळ्या चळवळीला चिकटले.

आज अमेरिका आणि कॅनडात मिळून गुडविलची तीन हजारांहून अधिक दुकाने आहेत. ती एका मालकाची नाहीत. दीडशेच्या आसपास स्वतंत्र स्थानिक संस्था आपापल्या भागातली दुकाने चालवतात. प्रत्येकीचे संचालक मंडळ वेगळे आणि नियमही थोडे वेगळे. विक्रीच्या पैशांतून नोकरीचे प्रशिक्षण, संगणकाचे वर्ग, अर्ज आणि मुलाखतीची तयारी अशी कामे चालतात. अपंग, तुरुंगातून सुटून आलेले आणि अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा काम शोधणारे लोक तिथे येतात.

मागच्या दाराने आत आलेला माल आधी निवडला जातो : कपडे, भांडी, पुस्तके, विजेची उपकरणे. फाटके, डागाळलेले, मोडके तिथेच बाजूला पडते. उरलेल्यावर किंमत आणि रंगीत टॅग लागतो. माल मांडला जाईल तसा टॅगचा रंग बदलतो, त्यामुळे कोणता कपडा किती दिवस दांडीवर लटकतो आहे हे रंगावरूनच कळते. बऱ्याच दुकानांत ठरलेल्या रंगाला त्या आठवड्यात सवलत असते. मुदतीत न खपलेला माल नव्यासाठी जागा सोडतो.

हे निवडण्याचे काम किती अवघड आहे, हे टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या एका घटनेवरून समजते. 2018 साली तिथल्या गुडविल दुकानातून एका ग्राहक महिलेने संगमरवरी अर्धपुतळा 34.99 डॉलरला घेतला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पुतळा निघाला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो जर्मनीतल्या आशाफेनबुर्ग इथल्या संग्रहात होता. सॅन अँटोनियोच्या कलासंग्रहालयात काही काळ ठेवून तो जर्मनीला परत देण्यात आला.

दुकानात न खपलेला माल अनेक ठिकाणी ‘आउटलेट’मध्ये जातो. तिथे चाकांच्या मोठ्या पेट्यांत सगळे एकत्र ओतलेले असते आणि बहुतेक वस्तू वजनावर विकल्या जातात. त्यातूनही उरलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधून व्यापाऱ्यांना विकतात. अमेरिकेतून असे बाहेर पडणारे जुने कपडे केनिया, घानाच्या बाजारांत पोहोचतात, तसेच आपल्याकडे गुजरातेत कांडल्यालाही येतात. तिथे त्यांची प्रतवारी होते. घालण्याजोगे कपडे देशातल्या बाजारात शिरू नयेत म्हणून चिंध्या म्हणून येणारा माल कापलेला असावा लागतो. पानिपतच्या गिरण्यांत जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा धागा काढतात आणि त्याच्या स्वस्त घोंगड्या विणतात.

संस्थेवर टीकाही झाली आहे आणि ती रास्त आहे. 1938 च्या कामगार कायद्यातल्या एका कलमानुसार अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची परवानगी मिळवता येते. गुडविलच्या काही स्थानिक संस्थांनी तिचा वापर केला. ज्या संस्थेचा जन्मच श्रमाला मान देण्यासाठी झाला, तिने हे करायला नको होते. अनेकींनी पुढे ही पद्धत सोडली, उरलेल्यांनीही सोडावी.

मला त्याहून मोठा वाटणारा बदल आपल्याशी संबंधित आहे. हेल्म्स यांच्या रचनेचा कणा दुरुस्ती हा होता. आज नवा शर्ट इतका स्वस्त झाला आहे, की जुन्याला बटण लावण्याची मजुरीच परवडत नाही. त्यामुळे तुटके सामान दुरुस्तीला न जाता कचऱ्यात जाते आणि तो उचलण्याचा खर्च संस्थेला भरावा लागतो. प्रशिक्षणासाठीचे पैसे अशा रीतीने आपल्या अडगळीवर खर्च होतात. कार्यशाळेतली दुरुस्ती संपली असेल, तर ती देणाऱ्याच्या घरी व्हायला हवी.

आपल्याकडे बोहारीण जुने कपडे उलगडून बघायची आणि फाटके निघाले तर भांडे द्यायला तयार व्हायची नाही. गुडविलच्या दाराशी कुणी कपडे उलगडून बघत नाही, म्हणून ती पारख आपणच करायची. कपडे धुऊन, घडी घालून द्या. निघालेले बटण लावा. मिक्सर चालतो का पाहा, झाकण आणि भांडी त्याच्याबरोबर बांधा. खिसे तपासा, संगणकातली माहिती पुसा. गाद्या, लहान मुलांची कार-सीट, रंगाचे डबे सहसा घेत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करा. कर-सवलतीसाठी पावती घ्या. वस्तूची किंमत तुम्हालाच ठरवायची असते आणि कपडे व घरगुती सामान चांगल्या स्थितीत असावे, ही कायद्याची अट आहे.

आणि कधीतरी पुढच्या दारानेही आत जा, हवी असलेली वस्तू विकत घ्या. जी वस्तू शेजाऱ्याच्या हातात द्यायला संकोच वाटेल, ती गुडविललाही देऊ नका.